टक्के, पर्सेंटाईल आणि रँक : प्रवेश परीक्षांचे निकाल कसे वाचावेत



दरवर्षी एप्रिल ते जून या काळात भारतातून येणाऱ्या फोनांवर एक शब्द हमखास ऐकू येतो, तो म्हणजे पर्सेंटाईल. पुतण्याच्या मुलीला जेईईत ८८ पर्सेंटाईल मिळाले, भाचीच्या मुलाला सीईटीत ९५ मिळाले. आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण टक्केवारीच्या काळात झाले. त्यामुळे ८८ ऐकले की आपण लगेच म्हणतो, "वा, डिस्टिंक्शन! पेढे कधी देताय?" आणि पलीकडे मुलगी गप्प होते. कधी याच्या उलट घडते. ३०० पैकी १५० गुण ऐकून आजोबा म्हणतात, "निम्मेच?" खरे तर त्या मुलाने लाखो विद्यार्थ्यांना मागे टाकलेले असते.

महाप्रसादाच्या वेळी अनेकांनी मला याविषयी विचारले. शिवाय आपल्या न्यासाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे महाराष्ट्रातून जे अर्ज येतात, त्यांवरही हेच आकडे असतात. ते नीट वाचता आले नाहीत तर मदत चुकीच्या हिशेबाने दिली जाण्याची भीती आहे. म्हणून हा छोटासा पाठ. कागद-पेन्सिल जवळ घ्या. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांपलीकडचे गणित यात नाही.

१. टक्के कशाचे, पर्सेंटाईल कशाचे

टक्के म्हणजे शंभर गुणांपैकी किती मिळाले. त्यासाठी फक्त तुमची उत्तरपत्रिका पुरते. शेजारच्या मुलाने काय लिहिले याचा तुमच्या टक्क्यांशी संबंध नाही.

पर्सेंटाईलला मराठीत शतमक म्हणतात. शंभर परीक्षार्थींपैकी किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे आहेत, हे तो आकडा सांगतो. म्हणजे त्यासाठी सगळ्यांच्या उत्तरपत्रिका लागतात.

पंढरपूरच्या दर्शनबारीत उभे राहिलेल्यांना हे लगेच पटेल. समजा बारीत शंभर माणसे आहेत आणि तुम्ही पुढून पाचवे आहात. तुम्ही आणि तुमच्या मागचे मिळून ९६ जण झाले. तुमचे पर्सेंटाईल ९६. जो सर्वांत पुढे आहे तो आणि त्याच्या मागचे मिळून शंभर, म्हणून त्याचे पर्सेंटाईल १००. त्याला पूर्ण गुण मिळालेले असतीलच असे नाही, तो फक्त सर्वांच्या पुढे आहे. म्हणून "शंभर पर्सेंटाईल" अशी बातमी वाचली तर त्या मुलाचे एकही उत्तर चुकले नाही असे समजू नका.

२. पर्सेंटाईलची गरज का पडली

आपल्या काळी बारावी बोर्डाची एकच प्रश्नपत्रिका असे आणि तिच्या गुणांवर मेडिकल-इंजिनिअरिंगची यादी लागे. नंतर प्रवेश परीक्षा आल्या आणि नियम अनेकदा बदलले. महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यातील इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेनवर दिले आणि २०१६ पासून पुन्हा एमएचटी-सीईटी आणली. जेईई मेनच्या रँकमध्ये २०१३ ते २०१६ या काळात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, २०१७ पासून ते काढले. २०१९ पासून जेईई मेन परीक्षा नॅशनल टेस्टिंग एजन्सी, म्हणजे एनटीए, घेऊ लागली आणि निकाल पर्सेंटाईलमध्ये लागू लागला. त्याच वर्षी आपली सीईटीही संगणकावर आली आणि तिचा निकालही पर्सेंटाईलमध्ये येऊ लागला. थोरल्या नातवाच्या वेळचे नियम धाकट्याला लागू पडत नाहीत, ते यामुळे.

संगणकावरच्या परीक्षेत एक अडचण असते. लाखो मुलांना एकाच वेळी संगणक मिळत नाही. म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपारच्या शिफ्टमध्ये चालते आणि प्रत्येक शिफ्टची प्रश्नपत्रिका वेगळी असते. कितीही काळजी घेतली तरी एक प्रश्नपत्रिका थोडी कठीण आणि दुसरी थोडी सोपी होतेच. मग कठीण प्रश्नपत्रिका वाट्याला आलेल्या मुलाने काय करावे?

उपाय असा काढला की प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना फक्त त्याच्याच शिफ्टमधल्या विद्यार्थ्यांशी करायची. समजा दोन्ही शिफ्टमध्ये एकेक लाख विद्यार्थी आहेत. सकाळच्या कठीण प्रश्नपत्रिकेत १८० किंवा त्याहून कमी गुण असलेले ९८,००० आहेत. म्हणजे १८० गुणांना ९८ पर्सेंटाईल. दुपारी प्रश्नपत्रिका सोपी होती, तिथे १८० किंवा कमी गुण असलेले ९७,००० आहेत. तिथे त्याच १८० गुणांना ९७ पर्सेंटाईल. गुण सारखे, पर्सेंटाईल वेगळे, आणि तरीही हे न्यायाला धरून आहे. यामागचे गृहीतक एवढेच की विद्यार्थी शिफ्टमध्ये वाटताना हुशार-कच्चे असे वेगळे काढलेले नसतात, त्यामुळे एवढ्या मोठ्या गटांची तयारी सरासरीने सारखीच असते.

म्हणून "माझ्या मैत्रिणीला माझ्याहून कमी गुण, पण पर्सेंटाईल जास्त, हे कसे?" असे नात विचारेल तेव्हा तिला विचारा, "तुमची शिफ्ट एकच होती का?"

३. निकालपत्र वाचताना

जेईई मेनचा इंजिनिअरिंगचा पेपर ३०० गुणांचा असतो. २०२५ पासून त्यात ७५ प्रश्न आहेत. भौतिक, रसायन आणि गणित यांचे प्रत्येकी २५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. निकालपत्रात चार पर्सेंटाईल दिसतात, तीन विषयांची तीन आणि एकूण गुणांचे एक. एकूण पर्सेंटाईल ही तीन विषयांची सरासरी नसते. ते एकूण गुणांवरून वेगळे काढलेले असते. सरासरी काढून "निकालात चूक आहे" असे कोणी म्हणाले तर त्यांना हे सांगा.

पर्सेंटाईल दशांशचिन्हानंतर सात स्थळांपर्यंत दिलेले असते. लाखो मुलांमध्ये बरोबरी टाळण्यासाठी ते लागते. तरीही बरोबरी झाली तर आधी गणिताचे, मग भौतिकचे, मग रसायनाचे पर्सेंटाईल पाहतात.

ही परीक्षा आता वर्षातून दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. दोन्ही दिल्या असतील तर जे पर्सेंटाईल जास्त तेच रँकसाठी धरतात. म्हणून जानेवारीच्या निकालाला अंतिम समजू नये.

४. पर्सेंटाईलवरून रँकचा अंदाज

पर्सेंटाईल मागचे लोक मोजते, रँक पुढचे. बारीत आपल्या पुढे किती जण, एवढेच इथे काढायचे आहे. रीत अशी :

शंभरातून पर्सेंटाईल वजा करा. जे उरेल त्याला परीक्षा देणाऱ्यांच्या एकूण संख्येने गुणा. शंभराने भागा.

२०२५ च्या जेईई मेनला सुमारे १४ लाख ७५ हजार विद्यार्थी बसले होते. म्हणजे एक पर्सेंटाईल म्हणजे सुमारे १४,७५० विद्यार्थी. त्यावरून :

९९ पर्सेंटाईल : रँक सुमारे १४,७५०
९८ पर्सेंटाईल : सुमारे २९,५००
९५ पर्सेंटाईल : सुमारे ७३,७५०
९० पर्सेंटाईल : सुमारे १,४७,५००
८० पर्सेंटाईल : सुमारे २,९५,०००

हा अंदाज आहे. खरी रँक एप्रिलच्या परीक्षेनंतरच्या निकालपत्रावर छापून येते, तीच धरावी. पण या यादीतून एक गोष्ट कळते. बारीच्या पुढच्या टोकाला पर्सेंटाईलचा छोटा फरकही मोठा असतो. ९९.१ आणि ९९.२ आपल्याला सारखेच वाटतात, पण त्यांच्या मध्ये सुमारे दीड हजार विद्यार्थी उभे आहेत.

निकालपत्रावर काही वेळा दोन रँक असतात. एक सर्वांच्या सामायिक यादीतली आणि दुसरी आरक्षण प्रवर्गातली. फोनवर "रँक किती?" असे विचारले तर ती कोणत्या यादीतली हेही समजून घ्यावे. नाहीतर दोन चुलत भावंडांची उगाच तुलना होते.

५. आकडा तोच, बारी वेगळी

माझ्या मते सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो.

आपल्यापैकी अनेकांनी हाडांची घनता पाहण्यासाठी डेक्सा स्कॅन केलेला आहे. त्याच्या रिपोर्टवर टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे असतात. टी-स्कोअर तुमच्या हाडांची तुलना निरोगी तरुण माणसांशी करतो आणि झेड-स्कोअर तुमच्याच वयाच्या माणसांशी. हाड एकच, आकडे दोन, कारण तुलनेचा गट वेगळा. मी रुग्णांना नेहमी सांगत असे की असा कुठलाही आकडा पाहिला की पहिला प्रश्न विचारा, "कोणाच्या तुलनेत?"

इथल्या नातवंडांच्या एसएटीच्या निकालातही हेच दिसते. कॉलेज बोर्ड ४०० ते १६०० मधल्या गुणांबरोबर दोन पर्सेंटाईल देते. एक देशातल्या त्या इयत्तेच्या एकंदर विद्यार्थ्यांच्या तुलनेत आणि दुसरे प्रत्यक्ष परीक्षेला बसलेल्यांच्या तुलनेत. मात्र इथे देशभराची रँक लागत नाही. कॉलेजे गुणांबरोबर शाळेतली कामगिरी, निबंध वगैरेही पाहतात. म्हणून अमेरिकेतल्या नातवाचे एसएटीचे पर्सेंटाईल आणि सोलापूरच्या नातवाचे जेईईचे पर्सेंटाईल शेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता भारतातल्याच दोन परीक्षा घेऊ. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी राज्याचा सीईटी सेल घेतो. इंजिनिअरिंगसाठीचा गट भौतिक, रसायन आणि गणित यांचा. एकूण २०० गुण, त्यांपैकी १०० गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई मेनची बारी सगळ्या देशाची, सीईटीची मुख्यतः आपल्या राज्याची. हिशेबाच्या सोयीसाठी सीईटीला ४ लाख विद्यार्थी धरले तर ९५ पर्सेंटाईलची रँक सुमारे २०,००० येते. जेईई मेनमध्ये त्याच ९५ ची रँक सुमारे ७३,७५०. दोन्ही आकडे खरे आहेत, बाऱ्या मात्र वेगळ्या.

वर्षही महत्त्वाचे. आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेला मेनमधून सुमारे अडीच लाख विद्यार्थी घेतात. त्यांतल्या सर्वांसाठी खुल्या यादीत सुमारे १ लाख. २०२२ मध्ये मेनला सुमारे ९ लाख विद्यार्थी होते, तेव्हा या यादीची सीमारेषा ८८.४१ पर्सेंटाईल होती. २०२५ मध्ये विद्यार्थी पावणेपंधरा लाखांच्या घरात गेले आणि सीमारेषा ९३.१० झाली. गाभाऱ्यात जाणारे तेवढेच, बारी मात्र लांबली. खुल्या यादीतला ९० पर्सेंटाईलचा मुलगा २०२२ मध्ये पात्र ठरला असता, २०२५ मध्ये बाहेर राहिला. थोरला पात्र ठरला आणि धाकटा नाही, म्हणून धाकटा कमी हुशार, असे म्हणणे यामुळेच चुकीचे आहे.

६. रँकनंतर काय

रँक मिळाली म्हणजे जागा मिळाली असे नाही. महाराष्ट्रात सीईटी सेल कॅप राऊंड घेतो. विद्यार्थी कॉलेज आणि शाखा यांची पसंती क्रमाने भरतो आणि गुणवत्ता यादीप्रमाणे जागा मिळते. पुण्याच्या सीओईपीला कॉम्प्युटर हवे असेल तर खुल्या यादीत ९९ च्या बऱ्याच वर असावे लागते. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यातल्या चांगल्या कॉलेजात सिव्हिल किंवा मेकॅनिकलची जागा त्याच्या कितीतरी खाली मिळू शकते. म्हणून "८५ म्हणजे संपले" हे खरे नाही. पसंतीक्रम विचारपूर्वक भरणे हे परीक्षेइतकेच महत्त्वाचे काम आहे.

बारावीही विसरून चालत नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत जेईई मेनवर प्रवेश हवा असेल तर खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असणे ही अट असते. टक्के आणि पर्सेंटाईल हे दोन्ही शब्द एकाच नियमात आले आहेत. पाठ समजला असेल तर हा नियम आता सहज कळेल.

एक सावधगिरीची सूचना. कॅपमधली जागा पैसे देऊन मिळत नाही. "रँक कमी असली तरी कॅपमधून जागा पक्की करून देतो" असे सांगून कोणी अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे पैसे मागितले तर पैसे पाठवू नका. आधी सीईटी सेलच्या संकेतस्थळावर खात्री करायला सांगा.

७. निकालाच्या दिवशीचा फोन

डॉक्टर म्हणून दोन शब्द सांगणे मला आवश्यक वाटते. २०२२ या एका वर्षात भारतात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवल्याची सरकारी नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. सगळ्यांचे कारण परीक्षा नसते. पण निकालाचे दिवस नाजूक असतात, आणि हजारो मैलांवरून आजी-आजोबा बोलतात त्या शब्दांना घरात वजन असते.

म्हणून पहिला प्रश्न आकड्याचा नको. "जेवलीस का? झोप लागते का?" हे आधी. मग "कोणती परीक्षा, अजून कोणता निकाल यायचा आहे, कॅपचा फॉर्म कधी भरायचा?" भावंडांशी तुलना नको. मूल खोलीत कोंडून घेत असेल, जेवण-झोप सुटली असेल, "मी सगळ्यांना ओझे झालोय" असे बोलत असेल तर त्याला एकटे ठेवू नये आणि आईवडिलांना लगेच कळवावे. भारतात टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. अमेरिकेत ९८८. हे दोन्ही क्रमांक फोनजवळ लिहून ठेवा.

८. आपल्या निधीचे अर्ज

समजा दोन अर्ज आले. एका मुलाला जेईई मेनमध्ये ९१ पर्सेंटाईल, घर पुण्यात, दोन्ही पालक नोकरीला. एका मुलीला सीईटीत ८४ पर्सेंटाईल, घर बीड जिल्ह्यात, कोरडवाहू शेती, आणि कॅपमधून चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळालेली. नुसते आकडे पाहिले तर कोणीही ९१ ला आधी निवडेल. पण या दोन वेगळ्या बाऱ्या आहेत, त्यांची तुलना होत नाही. शिवाय जागा मिळाल्यावर पर्सेंटाईलचे काम संपते. पुढचा प्रश्न एवढाच की ती जागा टिकवायला घरात पैसे आहेत का. म्हणून समिती प्रवेशाचे पत्र, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि खर्चाचा तपशील पाहते. पर्सेंटाईलची किमान अट आम्ही ठेवलेली नाही, ती याच कारणाने.

"सरकार फी माफ करते ना?" असेही विचारले जाते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. २०२४-२५ पासून या उत्पन्नमर्यादेतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ आहे. पण फी माफ झाली तरी खोलीचे भाडे, मेस, पुस्तके, लॅपटॉप आणि जाण्या-येण्याचा खर्च उरतोच. मुले पहिल्या वर्षी घरी परततात ती अनेकदा मेसचे पैसे संपल्यामुळे. आपली देणगी तिथे उपयोगी पडते.

उजळणी

१. सीईटीला ४ लाख विद्यार्थी आणि ९७ पर्सेंटाईल. रँक साधारण किती? (३ × ४,००,००० ÷ १०० = १२,०००.)

२. जेईई मेनच्या जानेवारीत ९२.४ आणि एप्रिलमध्ये ९४.१. कोणते धरायचे? (९४.१.)

३. ३०० पैकी १५० गुण म्हणजे ५० टक्के, आणि पर्सेंटाईल ९० च्या वर. यात चूक आहे का? (नाही. प्रश्नपत्रिका कठीण होती आणि बहुतेकांना त्याहून कमी गुण मिळाले.)

नम्र आवाहन

नवीन शैक्षणिक वर्षाचे अर्ज समितीकडे येऊ लागले आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी चेकवर "विद्यार्थी-साहाय्य निधी" असे लिहून तो मंदिराच्या कार्यालयात द्यावा. पावती मिळेल. ज्यांचे वय साडेसत्तर पूर्ण झाले आहे त्यांना आयआरए खात्यातून थेट पात्र धर्मादाय संस्थेला देणगी देण्याची सोय कायद्यात आहे, त्यासाठी आपल्या कर-सल्लागाराला विचारावे. ज्यांना पैसे देणे जमणार नाही, त्यांनी अर्ज वाचायला मदत करावी. मराठी वाचणारी आणि वेळ असणारी माणसे आम्हाला हवीच आहेत. आता निकालपत्र वाचता येते म्हटल्यावर काम अवघड नाही.

श्रीचरणी सर्वांच्या आरोग्याची प्रार्थना.

आपला,
एक निवृत्त डॉक्टर
सदस्य, विद्यार्थी-साहाय्य समिती